तपकिरी टाकीचा माणूस

"ह्यांनी तेवीस वर्षं तिकडे नेमकं काय केलं हो?"

हा प्रश्न मला एका निरोपसमारंभात शेजारच्या खुर्चीवरून, हळू आवाजात विचारला गेला. विचारणाऱ्या बाई सत्कारमूर्तींच्या पत्नी होत्या. व्यासपीठावर नगरपालिकेच्या उद्यान विभागाचे प्रमुख त्यांच्या पतीविषयी बोलत होते. हा माणूस झाडांवर पोटच्या पोरांसारखी माया करायचा, चौकातल्या गोल बागेची हिरवळ ही त्याचीच देणगी, वगैरे. भाषण चांगले होते. फक्त ते त्यांच्या शेवटच्या चार वर्षांपुरते होते. त्याआधी तेवीस वर्षे हे गृहस्थ शहराच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर चालक होते, आणि त्या काळावर वक्त्याने 'अन्य विभागातही सेवा' एवढे तीन शब्द खर्च केले होते.

मला उत्तर देता आले नाही. अडचण काही अंशी माहितीची होती. ती पुढे त्या केंद्राच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या एका बाईंनी जपून ठेवलेले कागद पाहिल्यावर दूर झाली. मोठी अडचण वाक्याची होती आणि ती अजून आहे. पूल बांधणाऱ्याने पूल बांधला असे म्हणता येते. परंतु खालच्या शहरात कोणी आजारी पडले नाही, मासे मेले नाहीत, नदीला वास आला नाही, हेच ज्याच्या कामाचे फळ, त्याची कामगिरी सांगायला उभे राहिले की श्रोत्यांना वाटते, मग झाले तरी काय? न घडलेल्या गोष्टींसाठी पुष्पगुच्छ देण्याची सोय कोणत्याही नगरपालिकेच्या नियमावलीत नाही.

शहराच्या पूर्वेला, जिथे वस्ती संपते आणि बसगाड्या वळवून परत आणतात, तिथे हे केंद्र आहे. शहर जे जे मोरीत ओतते आणि विसरते ते सगळे जमिनीखालच्या नळांतून इथे येते. आधी लोखंडी जाळ्या लागतात. तिथे चिंध्या अडकतात, पिशव्या अडकतात. एकदा दातांची अख्खी कवळी अडकली होती आणि तिच्यासाठी एकही अर्ज आला नाही. मग वाळू खाली बसते, मग जड मळ बसतो. उरलेले गढूळ पाणी हवेच्या टाक्यांत जाते. अशा टाक्या दोन. क्रमांक एक फाटकातून आत शिरताच रस्त्याला लागून, क्रमांक दोन तिच्या मागे. तळाशी बसवलेल्या नळ्यांतून अखंड हवा सोडलेली असते, त्यामुळे दोन्ही टाक्या सदैव उकळत असल्यासारख्या दिसतात. रंग तपकिरी. वर फेस.

हा तपकिरी रंग म्हणजे घाण नव्हे. या लेखातले हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे, आणि शहरात ते आजवर फारसे कोणाला पटलेले नाही. तपकिरी दिसतो तो जीवाणूंचा गाळ. सांडपाण्यातला मळ खाणे हे त्यांचे काम. खायला मळ आणि श्वासाला हवा एवढीच त्यांची मागणी. खाऊन तृप्त झाले की ते एकमेकांना चिकटतात, पुढच्या संथ टाकीत तळाशी बसतात, वरचे नितळ पाणी कालव्याने नदीला मिळते आणि बसलेल्या जीवाणूंना पंपाने पुन्हा हवेच्या टाकीत, म्हणजे कामावर, आणले जाते. नदी वाचते ती या खादाडपणामुळे. हे खाणारे नसतील तर तोच मळ नदीत जाऊन सडतो, सडताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो, आणि मासे पाण्यात असूनही गुदमरतात.

या खाणाऱ्यांची तब्येत सांभाळणे हे आपल्या सत्कारमूर्तींचे काम. त्याची पद्धत अशी. रोज सकाळी नऊ वाजता ते लांब दांड्याच्या डब्याने टाकीतले पाणी काढीत, एक लिटरच्या उभ्या काचेच्या नळकांड्यात ओतीत, ते टेबलावर ठेवीत आणि समोर खुर्ची ओढून तीस मिनिटे त्याच्याकडे बघत बसत. गाळ हळूहळू खाली बसे. नळकांड्यावर हजार रेघा होत्या. अर्ध्या तासात गाळ अडीचशे-तीनशेच्या रेघेपाशी आला की जीवाणू ठणठणीत. वरच रेंगाळला, पिंजलेल्या कापसासारखा फुगला, की काहीतरी बिनसले. मग हवा वाढवायची, गाळ कमी-जास्त फिरवायचा. या अर्ध्या तासात त्यांच्याशी कोणी बोललेले त्यांना खपत नसे. सबंध केंद्रात त्यांचे नाव त्यामुळे 'अर्धातास' पडले. "अर्धातास आले का?" "अर्धातासांची सही घ्या." पगारपत्रकावरचे नाव ठाऊक असलेले लोक केंद्रात दोनच होते, आणि त्यांतले एक ते स्वतः.

दुसऱ्या होत्या प्रयोगशाळेतल्या बाई. त्यांच्याकडे नदीत सोडलेल्या पाण्याची परीक्षा असे. पाण्याचा नमुना बाटलीत बंद करून काळोख्या कपाटात पाच दिवस ठेवायचा, आणि तेवढ्यात आतल्या उरल्यासुरल्या मळाने किती प्राणवायू संपवला ते मोजायचे. आकडा जितका लहान तितके पाणी चांगले. केंद्राचा आकडा बारा ते पंधराच्या दरम्यान राही. वीसच्या वर जाऊ द्यायचा नाही असा नियम होता.

"बाई, तुमचा आकडा येतो तोवर पाणी समुद्राला लागलेलं असतं," अर्धातास म्हणत.

"आणि तुमचा अर्धा तास म्हणजे सरकारी खर्चाने बरणी बघणं," बाई म्हणत. "माझ्या घरी लोणचं आहे, त्याच्याकडेही बघून जा कधीतरी."

घरी त्यांच्या कामाला फारसा भाव नव्हता. पत्नी शाळेचे गणवेश शिवत. त्यांची अट एकच होती: शर्ट अंगणात काढायचा. "आत याल तर माझ्या कापडाला वास लागेल. पोरांच्या आया परत करतील गणवेश." अर्धातास निमूटपणे अंगणात शर्ट काढीत. त्यांच्या कामाची खरी चौकशी करणारे माणूस एकच होते, थोरली बहीण. ताई नदीच्या काठाने आठ किलोमीटर खाली, दुसऱ्या शहरात राहत. त्या शहराचे पिण्याचे पाणी याच नदीतून उचलले जाई. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येई.

"काय रे धाकट्या, काय पाठवतोयस आम्हाला?"

"तेरा पाठवलंय, ताई."

"गेल्या आठवड्यात बारा होतं म्हणालास."

"लग्नाची जेवणावळ झाली असेल कुठे. तुपकट पाणी आलं."

"बरं, लक्ष ठेव. तुझ्या शहराने हात धुतलेलं पाणी माझ्या पातेल्यात येतं, विसरू नकोस."

विनोदाने बोलल्या जाणाऱ्या या वाक्यात भूगोलाची एकही चूक नव्हती.

अशी तेवीस वर्षे गेली असती तर लिहिण्यासारखे काही नव्हते. परंतु २००८ साली केंद्राला नवे साहेब लाभले. साहेब रस्ते विभागातून आले होते. तिथे त्यांनी दुभाजकांना पिवळा-काळा रंग देऊन नाव कमावले होते, आणि जगातल्या बहुतेक अडचणी रंगाने सुटतात असा त्यांचा अनुभव होता. त्याच वर्षी स्वच्छ शहरांची स्पर्धा जाहीर झाली. गुणपत्रिकेत सांडपाणी केंद्रासाठी बावीस गुण राखून ठेवले होते: परिसर व टाक्यांची दृश्य स्वच्छता – वीस; नदीत सोडलेल्या पाण्याची प्रत – दोन. गुणपत्रिका तयार करणाऱ्याने नदी पाहिली नसावी, परंतु परीक्षक निश्चित पाहिले असावेत.

साहेब नाकाला रुमाल लावून टाकी क्रमांक एकच्या कठड्याशी उभे राहिले.

"ही घाण किती दिवसांची आहे?"

"घाण नाहीये साहेब ही. कामगार आहेत," अर्धातास म्हणाले.

"कोण कामगार?"

"जीवाणू."

"म्हणजे जंतूच ना?"

"जंतूच. पण आपले."

"जंतूंतही आपले आणि परके असतात?" साहेबांनी बाईंकडे पाहिले. बाईंनी बाटलीवरची चिठ्ठी वाचायला घेतली.

तिसऱ्या दिवशी लेखी आदेश आला: हवेच्या दोन्ही टाक्यांतील तपकिरी पाणी व फेस काढून टाक्या स्वच्छ कराव्यात, नंतर जंतुनाशक पावडर टाकावी. अर्धातासांनी दोन पानी उत्तर लिहिले आणि जीवाणूंचे काम शाळेतल्या मुलाला समजेल अशा भाषेत मांडले. त्यांची चूक इथेच झाली. कार्यालयात शाळेतले मूल कोणी नव्हते. उलट टपाली खुलासा मागवण्यात आला: "सदर जीवाणूंची नेमणूक कोणत्या आदेशान्वये झाली, मंजूर पदे किती, व त्यांच्या अनुपस्थितीत पर्यायी व्यवस्था काय, हे तीन दिवसांत कळवावे." हे उपहासाने लिहिले असावे असा माझा समज होता. मूळ कागदावरच्या चार सह्या आणि दोन शिक्के पाहिल्यावर तो दूर झाला.

अर्धातासांनी तितक्याच गांभीर्याने उत्तर दिले. "नेमणूक आदेश नाही, ते आपणहून रुजू झाले. संख्या मोजता येत नाही. पर्यायी व्यवस्था: नदी."

शेवटचे तीन शब्द त्यांनी टोचावेत म्हणून लिहिले होते. टोमणा मारताना माणसाने समोरच्याची कातडी तपासून घ्यावी, एवढे भान त्यांना राहिले नाही. त्याचा परिणाम पुढे दिसला.

परीक्षक यायला पंधरा दिवस उरले होते. पावडरीची पोती गोदामात येऊन पडली. एकदा ती टाक्यांत गेली असती तर वीस-बावीस वर्षे जोपासलेला गाळ दुपारपर्यंत मेला असता आणि शहराचे सगळे पाणी जसेच्या तसे ताईंच्या दिशेने निघाले असते. अर्धातास साहेबांच्या खोलीत गेले. तेवढ्या वेळात ते एक गोष्ट शिकले होते: जीवाणू हा शब्द उच्चारायचा नाही.

"साहेब, परीक्षक चालत कुठवर येणार?"

"फाटकापासून टाकी एकपर्यंत. पुढे चिखल आहे."

"मग दोन नंबर त्यांना दिसणार नाही."

"फेस दिसेल की. उडत असतो तो."

"आणि मध्ये स्वागताचा फलक लावला तर?"

साहेब थांबले. रस्ते विभागात आयुष्य गेलेल्या माणसाला फलकाचे महत्त्व समजावून द्यावे लागत नाही.

"उंच हवा," ते म्हणाले.

"तीस फूट लांबही हवा."

"तुम्ही हुशार आहात हो! मग ते जंतूंचं काय घेऊन बसला होतात एवढे दिवस?"

अशा रीतीने निम्मी नदी वाचली. पुढचे चार दिवस अर्धातासांनी टाकी एकमधला गाळ पंपाने टाकी दोनमध्ये हलवला. घर रिकामे करताना माणूस जसे शेवटचे भांडेही उचलतो, तसे त्यांनी तळाशी राहिलेले डबकेसुद्धा बादलीने नेले. रिकाम्या टाकीला आतून आकाशी रंग देण्यात आला. टँकरने पिण्याचे पाणी आणून ती भरण्यात आली. त्यात साहेबांनी स्वतः निवडलेले साठ लाल मासे सोडण्यात आले. मागे फलक उभा राहिला: त्यावर एक खळाळती नदी आणि तिच्यामागे हिमाच्छादित शिखरे. आमच्या शहराला सर्वांत जवळचा बर्फ मासळीबाजारात मिळतो.

परीक्षक तिघे होते. त्यांतल्या प्रमुखांनी टाकीत वाकून पाहिले.

"हे शुद्ध करण्याआधीचं पाणी की नंतरचं?"

"आमच्याकडे असा भेदच ठेवलेला नाही," साहेब म्हणाले.

"वा! आणि ही आपलीच नदी?" प्रमुखांचे बोट फलकाकडे होते.

"वरच्या अंगाची."

मग प्रमुख अर्धातासांकडे वळले. "तुमचं काम काय इथे?"

"बघणं," अर्धातास म्हणाले.

"देखरेख," साहेबांनी दुरुस्त केले.

वीसपैकी एकोणीस गुण मिळाले. फलक किंचित वाकडा होता, म्हणून एक गेला. नदीत सोडलेल्या पाण्याचा नमुना घ्यायचा होता, पण समितीने बाटली आणली नव्हती. ते दोन गुण सरासरीने देण्यात आले.

अर्धातासांचा हिशेब सरळ होता: परीक्षक गेले, की मासे काढायचे, गाळ परत आणायचा आणि दुसऱ्या दिवसापासून पूर्ववत काम. त्यांनी तसे विचारले. साहेबांना धक्का बसला.

"बक्षीस मिळालेली टाकी तुम्ही घाण करणार?"

टाकी क्रमांक एक 'आदर्श टाकी' म्हणून सुशोभीकरण समितीकडे सोपवण्यात आली. शाळांच्या सहली येऊ लागल्या. सांडपाणी केंद्रात आता शहराचे सांडपाणी सोडून सर्व काही पाहण्यासारखे होते. सांडपाणी मात्र पूर्वीइतकेच येत होते, आणि ते सगळे फलकामागच्या एकट्या टाकीवर पडत होते. दोन टाक्यांचे जीवाणू एका टाकीत कोंबलेले; हवा एकीपुरतीच. सकाळच्या नळकांड्यात गाळ तीनशेवर बसायचा तो पाचशेचाळीसवर थांबला. पंधरवड्यात आठशेवीसवर. पुढे पुढे तो बसेनासाच झाला आणि पाण्याबरोबर कालव्यातून वाहून जाऊ लागला. अर्धातासांचा अर्धा तास पाऊण तासाचा झाला, मग तासाचा. बघण्याने त्यात काही फरक पडत नव्हता. बाईंच्या कपाटातून निघणारे आकडे चौदा, एकतीस, अठ्ठावन्न असे चढत गेले. बाईंनी ते खरे लिहिले आणि अर्धातासांनी खाली सही केली. दर आठवड्याला ते वर जात आणि दर आठवड्याला त्यांवर 'पाहिले' असा शेरा येई.

एका रविवारी ताईंचा फोन नेहमीपेक्षा लवकर आला.

"धाकट्या, तुमचा आकडा फार चढलाय ना रे?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? माझ्या नळाने सांगितलं. पाण्याला तुझ्या शर्टासारखा वास येतोय. शेजारची नात तीन दिवस उलट्या करतेय. खरं सांग, काय चाललंय तिकडे?"

अर्धातास म्हणाले, "ताई, तक्रार कर."

"कोणाची?"

"माझ्या केंद्राची. बाटली भर, तुमच्या जलकेंद्रावर ने आणि लेखी दे. फोनवर नको. तारीख घाल, पोच घे."

"अरे, तुझ्याच गळ्याशी येईल."

"येऊ दे. पाणी उकळून पी तोवर."

सोमवारी साहेबांनी त्यांना बोलावले. फलकाचा रंग उडू लागला होता. पुढच्या वर्षी तो लावणे शोभणार नव्हते. त्यामुळे टाकी दोनही आदर्श करायची होती. तारीख ठरली होती, अठरा दिवसांनंतरची. पोती गोदामात होतीच.

"मग शहराचं पाणी कुठे जाईल, साहेब?"

साहेबांनी समोरची नस्ती उघडली, एका कागदावर बोट ठेवले. "तुम्हीच कळवलंय की. पर्यायी व्यवस्था: नदी."

त्या खोलीतून बाहेर पडताना अर्धातासांच्या मनात काय होते हे सांगण्याचा अधिकार मला नाही. त्यांनी काय केले ते बाईंनी पाहिले आहे. पुढच्या सकाळी नऊ वाजता त्यांनी नळकांडे भरले नाही. दोन बादल्या आणि एक जाळे घेऊन ते आदर्श टाकीच्या कठड्यावर चढले.

"काय करताय?" बाईंनी विचारले.

"मासे काढतोय. त्यांचा काही दोष नाही."

"साहेब खवळतील."

"दुसरं जाळं आहे कोपऱ्यात."

बाईंनी पदर खोचला. दहा वाजेपर्यंत साठच्या साठ मासे पिंपात गेले. मोजले तेव्हा एकसष्ट भरले. मग अर्धातासांनी तळाची झडप उघडून अर्धे निळे पाणी सोडून दिले, हवेचे यंत्र चालू केले आणि टाकी दोनमधला गाळ उलट दिशेने आणायला पंप सुरू केला. नेमकी तेव्हाच एका शाळेची सहल फाटकातून आत आली. निळ्या पाण्यात तपकिरी ढग पसरत गेला, पाणी उकळू लागले, फेस कठड्यापर्यंत चढला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या शिक्षिका संतापल्या.

"अहो, मुलांसमोर काय करताय हे?"

"तुम्ही जे बघायला आणलंत ना त्यांना, ते सुरू करतोय," अर्धातास म्हणाले.

त्यांनी कार्यालयाला रीतसर कळवलेही: "टाकी क्रमांक एक आज सकाळी दहा वाजता कामावर रुजू झाली."

दुपारी चार वाजता बदलीचा आदेश आला. बक्षीसपात्र मालमत्तेचे विद्रूपीकरण. तात्काळ उद्यान विभागात. मरगळलेला गाळ नव्या टाकीत स्थिरावायला, वाढायला, पुन्हा नीट बसू लागायला तीन आठवडे लागणार होते, आणि अठराव्या दिवशी, आता दोन्ही टाक्यांत, पावडर पडायची होती. अर्धातासांनी नळकांडे पुसून बाईंच्या हातात दिले.

"तीन आठवडे कोणी हात लावू नये, एवढं बघा."

"मी कोण बघणारी? मला बाटल्या धुवायला ठेवलंय."

"अर्धा तासच बसायचं असतं हो. जमेल तुम्हाला."

घरी त्यांनी पत्नीला बदली झाल्याचे सांगितले. का झाली ते सांगितले नाही. त्या शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाल्या, "बरं झालं. निदान आता शर्ट आत येऊन काढाल." अर्धातास अंगणात उभे होते, सवयीने शर्ट काढून.

टाकी वाचली ती ताईंच्या बाटलीमुळे. खालच्या शहराच्या जलकेंद्राने पाणी तपासले, आकडे पाहून हादरले आणि थेट वरच्या खात्याला पत्र लिहिले. चौकशी बसली. चौकशीचा पहिला नियम असा की ती पूर्ण होईपर्यंत जागेवरची एकही वस्तू हलवायची नाही. अठरावा दिवस आला आणि गेला; पोती गोदामातच राहिली. टाक्या उकळत राहिल्या. रोज सकाळी नऊ वाजता बाई नळकांड्यासमोर बसू लागल्या. गाळ सातशेवर आला, मग पाचशेवर, मग एका सकाळी दोनशेऐंशीवर शहाण्यासारखा जाऊन बसला. बाईंच्या स्वतःच्या आकड्यांनीही तीच वाट धरली: चव्वेचाळीस, सत्तावीस, तेरा.

चौकशी समितीने हे आकडे तारखांसमोर मांडले आणि निष्कर्ष काढला. तो मुळातून वाचण्याजोगा आहे. "संबंधित कर्मचारी केंद्रावर कार्यरत असताना पाण्याची प्रत घसरत गेल्याचे, व त्याची बदली होताच ती सातत्याने सुधारल्याचे दिसून येते. सबब प्रदूषणाचे कारण सदर कर्मचारी होता हे सिद्ध होते. केंद्रप्रमुखांनी तत्परतेने केलेली बदली प्रशंसनीय असून, बदलीनंतर केंद्रावर जी पद्धत चालू आहे तीत कोणताही बदल करू नये."

तर्कशास्त्राच्या वर्गात या परिच्छेदाला शून्य गुण मिळतील. परंतु त्याचे शेवटचे वाक्य नदीच्या बाजूने इतके भक्कम होते की कोणताही पर्यावरणतज्ज्ञ याहून चांगले लिहू शकला नसता.

निष्कर्ष मान्य नसल्यास तीस दिवसांत हरकत घ्यावी, अशी तळटीप होती. अर्धातासांना कागद बागेत मिळाला. ताई बसने आल्या, हातात छत्री घेऊन; जणू भांडण तिथेच सुरू व्हायचे होते.

"हरकत घे. बाई साक्ष देतील, मी देईन. डोळ्यांसमोर खोटं लिहिलंय."

"हरकत घेतली की चौकशी पुन्हा उघडते, ताई."

"उघडू दे की!"

"उघडली की शेवटचं वाक्य रद्द होतं. 'बदल करू नये' ते. मग साहेब मोकळे. पोती तशीच आहेत अजून."

ताई बाकावर बसल्या. म्हणाल्या, "म्हणजे नदी घाण केली कोणी, तर तू. आणि साफ केली साहेबांनी."

"कागदावर."

"आणि लोक विचारतील तेव्हा?"

"लोक कधी विचारतात? पाणी बरं असलं की कोणी विचारत नाही." त्यांनी खिशातून पेन काढले. "काय येतंय आता नळाला?"

"पाणी येतंय," ताई चिडून म्हणाल्या. "नुसतं पाणी. वास नाही, काही नाही."

'निष्कर्ष मान्य' असे लिहून अर्धातासांनी खाली सही केली. पत्नीला यातले काही कळू द्यायचे नाही असे त्यांनी ताईंकडून वदवून घेतले, आणि ताईंनी तो शब्द, आयुष्यात प्रथमच, पाळला. साहेबांना बढती मिळाली. जाण्यापूर्वी त्यांनी 'पद्धत जैसे थे ठेवावी' हे वाक्य पितळी पाटीवर कोरून, खाली स्वतःच्या नावासह, फाटकावर लावून घेतले. ती पद्धत कोणती, हे त्यांनी शेवटपर्यंत विचारले नाही. पाटीमुळे नंतरच्या तीन साहेबांपैकी एकाचीही टाक्यांना हात लावायची छाती झाली नाही.

२०१७ साली खालच्या शहराने, या पाण्याच्या भरवशावर, त्याच नदीतून पिण्याचे पाणी उचलणारी दुसरी उपसा विहीर बांधली.